मामांचा मोरस

मामा माती खायचे. पोटभर नव्हे हो, चिमूटभर. पण रोज, आणि तीही सरकारी वेळेत.

सांगलीत विश्रामबागेतल्या माती परीक्षणाच्या लॅबमध्ये मी रुजू झाले, त्या दिवशी मला बसायला खुर्ची मिळायच्या आधी हा देखावा मिळाला. बेसिनपाशी एक उंच, वाळका माणूस उभा. अंगात खाकी शर्ट, खाली पांढरा पायजमा, डोक्याला टोपी. शेजारी एक शेतकरी, चेहरा दहावीच्या निकालाला आल्यासारखा. ह्या गृहस्थानं पिशवीतली माती चिमटीत धरली, जिभेच्या शेंड्यावर ठेवली, डोळे मिटले आणि पचकन बेसिनमध्ये थुंकून निकाल दिला, "दोन पॉइंट सहा. गड्या, तुज्या रानात आता ऊस न्हाई, पापड लाव."

मला शिसारी आली. साहेबांनी तोच नमुना माझ्यापुढं सरकवला आणि मीटर लावायला सांगितला. क्षार किती ते मोजायचा मीटर. त्यानं दोन पॉइंट सात दाखवलं. नवी नोकरी, नवा तोरा. मी म्हटलं, "मामा, चुकलं तुमचं." त्यांनी माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुमी मीटर धुतला न्हाई, मॅडम." मीटर धुतला, परत लावला. दोन पॉइंट सहा. त्या दिवसापासून मी मीटर धुवायला लागले, ते आज साताऱ्याला बदली होऊन आले तरी धुतेच आहे.

ऑफिसात शिपाई म्हटला की मामा, ही आपल्याकडची रीतच. पण आमच्या मामांना साहेबसुद्धा भाच्यासारखे वचकून असायचे. मामा आटपाडीकडचे. चार पिढ्या मेंढरं राखलेलं घर. लहानपणी दोन कोसांवरून पाणी आणलेला माणूस, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत अत्यंत कंजूष. लॅबमध्ये आम्ही बाटल्या विसळायला नळ मोकळा सोडला की हे कुठूनही यायचे आणि नळ बंद करून जायचे. बोलायचे काही नाहीत. फक्त असं बघायचे की आपण कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतलाय असं वाटावं. कुंडीत, गटारात, कुठंही पाणी वाया गेलेलं त्यांना खपायचं नाही.

आणि नेमका असा माणूस नोकरीला कुठं? तर कृष्णाकाठी. जिथं ऊस पाण्यात उभा असतो आणि मालक पारावर. वर्षानुवर्षं पाट सोडून सोडून लोकांच्या जमिनी खालून फुगल्या, मीठ वर आलं, रानं पांढरी पडली. मग ती पांढरी माती फडक्यात बांधून लोक आमच्याकडं यायचे. साहेब त्यांना चर काढा, निचरा करा, हिरवळीचं खत घाला असं शास्त्रशुद्ध सांगायचे. मामा दारातच गाठायचे. "आवं, ती जमीन हाय का म्हस? दिवसरात पाजताय तिला! पाणी आन पावणा, जास्त झाला की घर बुडवतो." एकदा साहेबांनी जागृतीच्या फलकासाठी सगळ्यांकडून घोषवाक्यं मागवली. मामांनी कागदावर लिहून दिलं, ‘उसाला पाजलं तेवढं बापाला पाजलं असतं, तर पुण्य लागलं असतं.’ साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. तो फलक रिकामाच राहिला.

एक गोष्ट मात्र ते फार मनापासून सांगायचे. शेतकरी म्हणायचा, "मामा, रान मेलं ओ माझं." की हे उसळायचे, "मेलं म्हणू नगं! रान मरत नसतं. त्येला काय पायजे ते तुला ठावं न्हाई, एवढंच." आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचं नेहमीचं चालू झालं.

मग ती कोकणची सहल आली. सहल म्हणजे कागदोपत्री प्रशिक्षण, खाऱ्या जमिनींचं. लॅबमधून आम्ही सहाजण, अलिबागच्या बाजूला तीन दिवस. घाटात चारजणांनी उलट्या केल्या आणि मामा सगळ्यांना लिंबू वाटत राहिले. समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला. आम्ही सगळे फोटो काढण्यात गुंग. हे काठावर उभे राहून म्हणाले, "एवढं पाणी, आन एक घोट कामाचा न्हाई. बगा, पाणी लय झालं की असं हुतंय." आणि तोंड फिरवून खाडीकडं चालायला लागले.

खाडीच्या कडेला चिखलात एक कोळीणबाई वाकून काहीतरी खुडत होती. बारीक बारीक, रसाळ, दोऱ्यासारखी पानं, काही हिरवी, काही लालसर. मामांनी विचारलं ना पुसलं, एक पान तोडून सरळ तोंडात टाकलं. मी म्हटलं, आता ही बाई ह्यांच्या डोक्यात टोपली घालणार. पण मामांचे डोळे असे झाले की बाईही थांबली. "मोरस हाय तो," ती म्हणाली. मामा आमच्याकडं वळून ओरडले, "मॅडम, मिठात उगवतंय हे! मीठ पिऊन जगतंय! आन खायला चालतंय!"

प्रशिक्षण तिथंच संपलं म्हणा. पुढचे दोन दिवस वर्गात मोठमोठे लोक पडद्यावर आलेख दाखवत होते आणि मामा त्या बाईच्या चुलीपुढं बसून शिकत होते. मोरस आधी उकडायचा, पाणी टाकायचं. परत धुवायचा, गच्च पिळायचा. मग तेलात लसूण, मिरची, कांदा. ती त्यात वाल घालायची, नाहीतर सुकी कोलंबी. आणि मीठ? मीठ अजिबात घालायचं नाही. कितीही पिळला तरी त्याचं त्याला पुरतं. हे शेवटचं मामांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. परत येताना मुळासकट उपटलेली रोपं चिखलासकट डब्यात भरली, आणि डब्यातली चटणी-भाकरी आम्हाला वाटून टाकली. घाटात परत चारजणांनी उलट्या केल्या, पण ह्या खेपेला मामांनी कुणाकडं बघितलं नाही. डबा मांडीवर घेऊन बसले होते, कुणी धक्का देईल म्हणून.

लॅबच्या मागं एक फुटकं बेसिन पडलं होतं. त्यात मोरस लागला. मामा त्याला मिठाचं पाणी घालायचे. ज्या माणसानं आम्हाला अर्धा ग्लास पाणी सांडू दिलं नाही, तो मोजून मापून तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून त्या बेसिनला पाजायचा. साहेबांनी विचारलं, "मामा, हे काय?" मामा म्हणाले, "नमुना हाय, सायेब." सरकारी कचेरीत नमुना म्हटलं की कुणी हात लावत नाही. बघता बघता बेसिनभर फोफावला.

आणि मग आमच्यावर प्रयोग सुरू झाले. सोमवारी मोरसाची लसूण घातलेली भाजी. मंगळवारी दाण्याचं कूट घालून, कारण वाल म्हणजे कोकणातलं खूळ, आपल्याकडं कूट. बुधवारी पिठल्यात. मग थालीपिठात, मग हरभऱ्याच्या डाळीबरोबर, मग बेसन लावून वड्या. लोणचंही घातलं होतं, ते मात्र कुणी खाल्लं नाही, मामांनीही नाही. आमचा क्लार्क नाक मुरडून म्हणाला, "मामा, हे गुरांचं खाणं." मामा म्हणाले, "मग दोन घास जास्त घ्या." मला विचाराल तर पहिला घास मी भीत भीत घेतला होता. दाताखाली कुरकुरला, मग जिभेवर हळूहळू खारटपणा उतरला, आणि भाकरीबरोबर असा काही लागला की मी डबा पुसून खाल्ला. वड्या तर, खोटं कशाला बोलू, मी घरीही चोरून नेल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा बाहेर ठेवलेल्या नमुन्यांत एक पिशवी निघाली. जुन्या साडीच्या फडक्याची, फॉर्म नाही, नाव नाही. मी सवयीनं मामांपुढं केली. "चाखा." मामा मागं सरले. "न्हाई. तुमीच मीटर लावा." इतक्या वर्षांत त्यांनी चाखायला नकार दिलेली ती एकच पिशवी. मीटर लावला, तीनच्या वर गेला. मामा स्टुलावर बसले. टोपी काढून हातात घेतली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा बघितलं.

"माज्या लेकीच्या रानातली हाय," म्हणाले. "फडकं तिच्या आईच्या साडीचं."

आटपाडीकडच्या बापाचं एकच स्वप्न असतं, पोरगी पाण्यात द्यायची. म्हणजे जिथं विहीर आहे, पाट आहे, ऊस आहे अशा गावात. तिनं आईसारखी डोक्यावर घागर वाहू नये. मामांनी दहा ठिकाणी चपला झिजवून कृष्णाकाठचं घर मिळवलं होतं. एकुलती एक लेक दिली होती. "सोयरीक ठरवाय गेलो तवा बांधावर हुबा हुतो," मामा सांगायला लागले. "पाट भरून चाललेला. ऊस हत्ती लपंल एवढा. मी आपलं सवयीनं ढेकूळ उचललं, जिभेला लावणार, तर इवाय माज्याकडं बघाय लागला. म्हटलं, आपण पोरगी द्याय आलोय का नमुना घ्याय? लोकाच्या रानावर संशव घेतल्यागत दिसंल. टाकलं ढेकूळ. साऱ्या जिल्ह्याची माती चाखली मॅडम, आन जितं माजी पोर नांदायची, तितं लाजलो."

लग्नानंतर चारच वर्षांत रान पांढरं पडलं. आणि सासरच्यांनी कुणाला दोष दिला असेल? पाटाला? अजिबात नाही. म्हणे आटपाडीची पोर आली आणि दुष्काळ घेऊन आली. पांढऱ्या पायाची. त्यात सहा वर्षांत मूलबाळ नाही, मग तर काय, सासूच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही तिथं जाऊन ठणकावून का सांगत नाही?" मामा म्हणाले, "नांदायचं तिला हाय, मॅडम. मी ठणकावून येईन. राती वाढायला तीच हाय न्हवं?"

पण गप्प बसतील तर मामा कसले. दुधाच्या गाडीवाल्याला पटवून त्यांनी बेसिनमधली रोपं लेकीकडं धाडली. रानाचा जो सगळ्यात वाईट कोपरा, जिथं गवतसुद्धा उगवत नव्हतं, तिथं दोन गुंठ्यांत तिनं ती लावली. घरात सांगितलं, गुरांना काहीतरी टाकलंय. मामा लॅबमध्ये बसून व्हॉट्सॲपवर फोटो बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. लोकांना त्यात चिखल दिसायचा.

वर्षभरानं एका शनिवारी फोन आला. व्याही बोलत होते. रान वीटभट्टीला द्यायचं ठरलंय. माती खरवडून गेली की पोराला पुण्याला कंपनीत लावू. तुमची लेक काही आमच्या घराला लाभली नाही. उद्या या आणि घेऊन जा. मामांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं आले. "मॅडम, तुमची गाडी हाय न्हवं उद्या मोकळी?"

मामांना टू-व्हीलरची भयंकर भीती. दोन चाकांवर बसणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं, असं त्यांचं मत. तरी रविवारी सकाळी ते माझ्या स्कुटीवर मागं बसले, एका हातानं टोपी, दुसऱ्या हातानं माझ्या सीटची कड, आणि तोंडानं सारखं "मॅडम हळू, मॅडम हळू." ताशी वीसच्या वेगानं आम्ही तासाभरात पोचलो. वाटेत सायकलवाल्यांनीसुद्धा आम्हाला मागं टाकलं.

व्याही सोप्यात बसले होते, शेजारी जावई मान खाली घालून. "या पाव्हणं," म्हणाले, पण बसायला कुणी सांगितलं नाही. मामा आपले आपणच बसले. म्हणाले, "लेकीला न्यायला आलोय. फक्त एक इनंती हाय. तिनं रानात जे लावलंय त्येची भाजी आज समद्यांनी खावी. मग मी तिला घिऊन जातो, परत तोंड दावणार न्हाई." भाजी खायला व्याही नाही तरी कसं म्हणणार?

लेक आत स्वैपाकाला लागली. तीसेक वर्षांची, बापासारखीच उंच, बोलणं मोजकं. मामा सोप्यातनं ओरडत होते, "दोन पाणी टाक! घट पीळ! आन मीठ घालू नगं, मीठ अजाबात घालू नगं!" मी आत जाऊन परातीत भाकरी थापायला मदत करत होते. सासूबाईंचा पारा चढत चाललेला मला दिसत होता. त्यांच्या चुलीवर परका पुरुष बाहेरनं हुकूम सोडतोय! लेक भाकरीचं पीठ आणायला आत गेली, तेवढ्यात सासूबाईंनी कढईवरचं झाकण काढलं आणि मूठभर मीठ आत. मी "अहो काकू" म्हणेपर्यंत ढवळूनसुद्धा झालं. "माज्या घरात पाव्हण्याफुडं आळणी भाजी?" त्या मला म्हणाल्या. "गावात नाक कापून घिऊ व्हय?" त्यात दुष्टपणा नव्हता, हेही सांगायला हवं. आपल्याकडं कुठल्या घरात बिनमिठाची भाजी पाव्हण्याच्या ताटात वाढतात? तोवर ताटं बाहेर गेलीसुद्धा.

व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि तो तसाच ताटात परत आला. जावयानं पाण्याचा तांब्या उचलला. सासूबाईंनी स्वतःच चव घेतली आणि तोंड वाकडं केलं, पण मिठाचं बोलल्या नाहीत. मी तोंड उघडणार तर लेकीनं मला हातानं थांबवलं. व्याही हसायला लागले. "पाव्हणं, ह्यासाठनं आलासा काय? आक्खा समुंदरच वाढला की! आमचं रान पुरं झालं न्हाई म्हणून भाजी बी मिठाची?"

मामांच्या पुढं ताट नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. सात वर्षांत त्यांनी त्या घरातला चहासुद्धा घेतला नव्हता. मामांनी हात पुढं केला आणि व्याह्यांचं टाकलेलं ताट आपल्यापुढं ओढलं. भाकरी मोडली, भाजी घेतली आणि खायला लागले. मला रडू येत होतं आणि संताप येत होता. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारा माणूस तो मिठाचा खडा एकेक घास चावून खात होता, आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हता.

खाता खाता बोलायला लागले. "मी सरकारचा पगार घिऊन लोकांची माती चाखली. माज्या पोरीला द्यायचं हुतं त्या रानाची चाखली न्हाई. लाजलो. ही चूक माजी. पाटाचं पाणी तुमी बारा म्हैनं सोडलं, ही चूक तुमची. आता पोरीची चूक कुठं हाय, तेवढी दावा. मग घिऊन जातो."

सासूबाईंनीच शेवटी तोंड उघडलं, "ती यायच्या आदी रान हिरवं हुतं."

"हिरवं हुतं, पर खारट हुतंच," लेक म्हणाली. ती आतल्या दारात उभी होती. आवाज चढलेला नव्हता. "मला पयल्या दिशीच कळलं हुतं. वरात आली, तोंड धुवाय हिरीचं पाणी दिलं, ते ओठाला लागलं. दुसऱ्या दिशी रानात गेले तवा ढेकूळ चाखून बघितलं. पाच-सा वर्सांत रान पांढरं फुटणार, हे मला तवाच ठावं हुतं, आबा."

मामांच्या हातातला घास ताटात पडला. "मग मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. "मी गाडीत बसाय लागले तवा तुमी समद्या गावाला वरडून सांगत हुता, माजी पोर आता जलमात घागर वाहणार न्हाई. लय हसत हुता. तुमाला तसं हसताना मी कवा बघितलंच न्हवतं."

मामांनी पुढ्यातलं ताट हळूच बाजूला सारलं.

ती सासऱ्याकडं वळली. "मामंजी, मी कुटं जायची न्हाई. ह्या रानाचं मीठ मला तुमच्या आदी कळलंय, आन त्यात काय येतंय ते बी मीच लावून दावलंय. ते वीटभट्टीला द्यायचं असंल तर आदी मला त्यातनं उचलून टाका."

तेव्हा कुठं जावयानं मान वर केली. "दादा, भट्टीवाल्याला मी सांगतो न्हाई म्हणून," एवढंच बोलला. पण त्या घरात तो वडिलांपुढं पहिल्यांदाच बोलला असावा, कारण व्याही त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि रानाकडं निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "मीठ मी घातलं गं. तू खुडून आण परत. ह्या टायमाला मी न्हाई हात लावायची."

आम्ही दोघंच परत निघालो. मी स्कुटी चालू केली, मामा मागं बसले. ना टोपी धरली, ना सीट, ना एकदा "मॅडम हळू" म्हणाले. मी चाळीसनं गाडी सोडली तरी नाही. थोडं पुढं आल्यावर माझ्या पाठीला धक्के जाणवायला लागले आणि कळलं की हा माणूस मोठ्यानं रडतोय, लहान मुलासारखा, हुंदके देऊन. मी उजव्या बाजूचा आरसा हातानं बाहेर फिरवला, म्हणजे मला ते दिसू नयेत, आणि सांगली येईपर्यंत गाडी कुठंही थांबवली नाही.